पोचा आलेल्या डबीचा वाजवी भाव

रुपया पडला तो दिल्लीत. पण दोन दिवसांत स्नेहलतागंजातल्या उदयसिंहांच्या बंदुकीच्या दुकानात त्याचा आवाज पोचला आणि छर्‍यांची जर्मन डबी पंच्याऐंशीची एकशे तीसला झाली.

वाल्मिक तायड्यांनी डबी हातात घेऊन फिरवली. तिच्या कुशीत एक पोचा होता. तो त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. दिवाळीपासून ते ही डबी नाकारत आले होते. त्यांनी अंगठ्याच्या नखानं भावाची चिठ्ठी खरवडली. खालून जुनी चिठ्ठी निघाली.

"उदयसिंहजी, ही डबी दिवाळीची आहे."

"तो?"

"माल जुना, भाव नवा. रुपया पडला तेव्हा ही डबी काय बाहेरगावी गेली होती?"

"डबी नहीं गई, भिया. पर इसकी बहन को लाना है ना. इसको पचासी में बेच दूँ, तो अगली किस पैसे से मँगाऊँ?"

"म्हणजे पुढच्या डबीचे पैसे मी आज द्यायचे?"

"और कौन देगा? जर्मनी वाले?"

उदयसिंह मूळचे बेटम्याचे. ते हिंदीत बोलत, तायडे मराठीत, आणि भांडण दोघांनाही पूर्ण कळे. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं.

एरवी तायड्यांनी डबी खाली ठेवली असती. पण महिनाअखेरीला एअर रायफलची संभागीय, म्हणजे विभागाची, निवड होती आणि तिच्यात प्राचीचं नाव होतं. प्राची म्हणजे त्यांची बारावीतली मुलगी. तिचे आजोबा महूला सुभेदार होते. त्यांची नजर घरातल्या सगळ्यांना वगळून थेट नातीकडे आली, असं तायडे म्हणत; स्वतः ते सुईत दोरा पत्नी कांताबाईंकडून ओवून घेत. रायफल क्लबची होती, छर्रे ज्याचे त्याने आणायचे. देशी छर्रे स्वस्त मिळत, पण ते जत्रेतल्या फुगेवाल्यांसाठी. त्यातला एक छर्रा पूर्वेला जाई, तर दुसरा त्याला शोधायला. प्राचीच्या हाताला जर्मनच छर्रा बसला होता आणि तिच्याकडच्या डबीत तळ दिसू लागला होता.

त्यात मिल बंद. बंद म्हणायचं नाही, असं युनियनचं म्हणणं होतं. 'काम स्थगित' म्हणायचं. तेव्हा तायड्यांचा पगार चार महिन्यांपासून स्थगित होता. मिलमध्ये नेण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून तिथले चौकीदार मात्र वाढवले होते. त्यांच्या दुनळ्यांची काडतुसंही उदयसिंहांकडूनच जात आणि तीही महागली होती. पण ते बिल मिलच्या नावानं फाटत असल्यामुळे त्याच्या न्यायान्यायाचा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

"हे वाजवी नाही," तायडे म्हणाले.

उदयसिंहांनी चष्मा काढला. "वाजबी क्या है, आप बताओ. आप तो मिल में हिसाब-किताब में थे ना?"

"कॉस्टिंगमध्ये."

"तो निकाल दो वाजबी भाव. जो निकालोगे, वो चिठ्ठी लगा दूँगा. ठाकुर की जबान."

मिलमध्ये तायड्यांनी उमेदीची सगळी वर्षं धोतरजोडीची लागत, म्हणजे एकूण उत्पादनखर्च, काढण्यात घालवली होती आणि ती लागत कोणी कधी मागितली नव्हती. सेल्सवाले समोरच्या मिलचा भाव विचारत आणि त्यातून चार आणे वजा करत. मिल बसली ती याच चार आण्यांनी, असं तायडे गेट मीटिंगमध्ये रोज सांगत. मध्यंतरी पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात ते नोकरी विचारायला गेले, तर मालक म्हणाला, "कॉस्टिंग का क्या करेंगे? हम तो पार्टी की शकल देख के भाव लगाते हैं." आणि आज एक माणूस आपण होऊन लागत मागत होता.

दुसर्‍या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात हजर झाले.

त्यांनी भाडं घेतलं, वीज घेतली, लायसन्सची फी घेतली, तिजोरीचा घसारा घेतला. डबीत अडकलेल्या पैशावर दिवाळीपासूनचं व्याज घेतलं. दुकानात येणार्‍या चौघांतले तिघं पत्ता विचारायला येतात, असं त्यांच्या नजरेला आलं. तो वेळ त्यांनी 'आयडल टाइम'मध्ये टाकला.

"आणि तुमचा पगार?"

"मेरी तनखा? मैं तो मालिक हूँ."

"पगार लावावा लागतो. उद्या तुम्ही नसलात तर इथे नोकर बसवावा लागेल."

उदयसिंहांना आपण नसण्याची कल्पना आवडली नाही, पण पगाराची आवडली. त्यांनी चहा मागवला. तायड्यांनी तोही हिशेबात धरला.

तिसर्‍या दिवशी संध्याकाळी भाव निघाला. एकशे अठ्ठावन्न.

तायड्यांनी बेरीज पुन्हा केली, मग खालून वर केली. एकशे अठ्ठावन्नच. शिवाय पोचा आलेली डबी सगळ्यात जास्त दिवस पडून राहिल्यामुळे तिच्यावर व्याज जास्त होतं, म्हणून ती एकशे एकसष्ट. तायडे ती घेत नव्हते म्हणूनच ती पडून राहिली होती, पण कॉस्टिंगमध्ये असल्या गोष्टींना जागा नसते.

रात्री जेवताना त्यांनी घरी सांगितलं.

कांताबाईंनी वाढायचं थांबवलं. "म्हणजे तो एकशे तीस मागत होता, आणि तुम्ही तीन दिवस खपून एकशे अठ्ठावन्न केले?"

"केले नाहीत. निघाले."

"मग थोडं इकडचं तिकडं करा ना! त्या ठाकुराचा पगार कशाला लावलात? स्वतःला लावता आला नाही तो?"

"पगार काढला की लागत खोटी होते. अशीच तर मिल बुडाली."

"मिल बुडाली ती बुडाली, आता पोरीची निवड बुडवा!"

प्राची ताटात पाहत होती. "पप्पा, मी तोवर खाली बंदूकच चालवते. सर म्हणतात, बिना छर्रे की प्रॅक्टिस पण चांगली असते."

"निवडीच्या दिवशीही बिनाछर्‍याचीच चालवशील?" कांताबाई म्हणाल्या.

सकाळी तायडे निघाले तेव्हा प्राचीही बरोबर निघाली. उदयसिंहांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि काउंटरवर ठेवला.

"भिया, इस भाव में तो मैं खुद अपने से नहीं लूँ."

"वाजवी भाव हाच आहे. तुम्ही इतकी वर्षं तोट्यात विकताय."

"और मैं समझ रहा था धंधा ठीक चल रहा है." उदयसिंह जरा खिन्न झाले. पण जबान ठाकुराची होती. त्यांनी सगळ्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या लावल्या. पोचेवालीवर ही तिसरी. मग घसा साफ करून म्हणाले, "बिटिया के लिए एक सौ तीस ही दे दो."

"लागतीच्या खाली?" तायड्यांचा आवाज चढला. "मी रोज गेटवर काय सांगतो? लागतीखाली विकणारा बुडतो. मी तुम्हाला बुडवू?"

"तो एक सौ अट्ठावन दे दो."

तायड्यांच्या खिशात नव्वद रुपये होते. पहिल्या दिवशी पंच्याऐंशीच्या हिशेबानं आणलेले तेच.

प्राचीनं पोचा आलेली डबी उचलली आणि कानाशी नेऊन हलवली.

"पप्पा, मिलमध्ये थान फाटलं की त्याची लागत कोण काढायचं?"

"फाटलेल्याची लागत काढत नाहीत. तो डागी माल. तो वजनावर जातो."

"मग ही पिचकलेली आहे ना? अंदरचे पाच-पन्नास छर्रे तरी दबले असतील. हीसुद्धा डागी झाली की."

तायडे मुलीकडे पाहत राहिले. हे त्यांना सुचायला हवं होतं. नियम त्यांच्याच खात्याचा होता. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि उदयसिंहांना सांगितलं, "डागी माल कॉस्टिंगच्या बाहेर. शिशाच्या भावानं तोलावा लागेल."

उदयसिंहांनी शिशाचा भाव समोरच्या बॅटरीवाल्याला ओरडून विचारला. छर्रे तोलले. साडेनऊ रुपये झाले.

"और जो घाटा हुआ, वो?"

"तो ओव्हरहेडमध्ये. बाकीच्या डब्यांवर वाटून टाकायचा." तायड्यांनी तिथेच वाटून टाकला. बाकीच्या डब्या एकशे सत्तरला गेल्या.

घरी प्राचीनं स्टीलची थाळी तिरपी धरून एकेक छर्रा त्यावरून सोडला. सरळ गडगडला तो घ्यायचा, वाकडा गेला तो बाजूला. निवडीपुरते निघाले. महिनाअखेरीला तिचं नाव यादीत वरून तिसरं लागलं. आता भोपाळला राज्याची स्पर्धा होती, म्हणजे आणखी एक डबी.

तायडे दुकानात गेले, तेव्हा फळीवरच्या डब्या होत्या तितक्याच होत्या. त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या तायडे बराच वेळ वाचत उभे राहिले. स्वतः काढलेला भाव इतक्या जवळून त्यांनी कधी वाचला नव्हता.

"बिटिया का हो गया ना?" उदयसिंह म्हणाले. "बधाई. कितनी दूँ?"

"एक... बघतो. यातली एखादी पोचा आलेली आहे का?"

"सब साबुत हैं, भिया."

"असू दे मग." तायडे वळले.

"रुको तो. दिखा देता हूँ." उदयसिंहांनी वरच्या फळीवरून एक डबी काढली, काउंटरवर आणता आणता ती हातातून सुटली आणि फरशीवर टणकन पडली. दोघांनी वाकून पाहिलं. डबीला काही झालं नव्हतं.

"जर्मन है," उदयसिंह म्हणाले. त्यांनी ती उचलली, आणि ती पुन्हा सुटली. या खेपेला जरा उंचावरून.

"काही नाही झालं," तायडे हळूच म्हणाले.

उदयसिंहांनी चष्मा सारखा केला, स्टूल ओढलं, त्याचा एक पाय डबीवर टेकवला आणि स्टुलावर बसले. बसून रस्त्याकडे पाहत राहिले. खालून बारीकसा आवाज आला.

"अरे," ते म्हणाले. "पिचक गई."

तायड्यांनी वाकून डबी काढली. पोचा चांगला खोल आला होता, पण छर्रे बहुतेक कडेकडेचेच दबले असावेत. त्यांनी तराजू पुढे ओढला.

"घाटा बाकी के डिब्बों पे डाल दो," उदयसिंह म्हणाले. "लेने वाला वैसे भी आपके सिवा कोई नहीं है."