सावळ्या बाळाची विहीर

ठमाबाईच्या नातवाला बघायला मळ्यात माणसांची रीघ लागली होती. अंबडहून लोक आले होते, नाशिक रोडहून आले होते, घोटीहून तर जीप भरून आले होते. विहिरीपाशी मांडव, मांडवात पाट आणि पाटावर दुपट्यात गुंडाळलेलं दोन महिन्यांचं पोर. पोराचे ओठ निळे, नखं निळी, गालांवर राखेसारखी झाक. शेजारी सावळीराम महाराज बसले होते आणि त्यांच्या तोंडाला खळ नव्हता.

"तीर्थ पोटात गेलं आणि गोकुळचा रंग अंगावर आला," महाराज सांगत होते. "ज्यांना आपलंही लेकरू असं व्हावंसं वाटतं, त्यांनी एकवीस दिवस याच विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजा. मधे एक दिवस चुकला तर मात्र माझी जबाबदारी नाही."

ही शेवटची अट महाराज कधी विसरत नसत. बाळ रडत नव्हतं, त्याचंही लोकांना कौतुक. देव कुठे रडतो, असं एक बाई दुसरीला समजावत होती.

ठमाबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. पोराचा रंग तिला खटकत होता, पण तोंड उघडायची सोय नव्हती. ही विहीर देवाची ठरवली होती ती तिनेच.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे शहाण्णव साली, वरच्या माळावर शहराचा कचरा येऊन पडायला लागला. ठमाबाईचा मळा त्याच माळाच्या उताराला. बारा महिने मेथी, कोथिंबीर आणि दसऱ्याला झेंडू. गेल्या साली तिची मेथी अशी काळीभोर आली की बाजारात व्यापारी जुड्या हातातून ओढून घेत होते. युरियाची चिमूट टाकली नव्हती. विहिरीचं पाणी तेवढं जरा खारट लागायला लागलं होतं. हिरवं पान काळपट दिसलं की भाजीवाल्या माणसाचं भान हरपतं, मग त्याला दुसरं काही विचारायचं सुचत नाही. ठमाबाईने विहिरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि चार जणींना सांगितलं की देवी पावली.

नारळाच्या वासाने पंधरा दिवसांत महाराज हजर झाले. मांडवाचं कापड आणि लोखंडी कमान दिली कचऱ्याच्या कंत्राटदाराने. त्याला एकाएकी भक्तीचा एवढा उमाळा का यावा, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पुढे सून सुवर्णा बाळंत झाली. तिला दूध पुरेना, म्हणून डब्यातली भुकटी आणली. कालवायला पाणी अर्थातच तीर्थाचं. सुवर्णा दहावी झालेली. ती पाणी वीस-वीस मिनिटं खळखळा उकळायची आणि मगच बाटली भरायची.

त्या दुपारी बाळाला धाप लागली. छाती भात्यासारखी हलू लागली. ठमाबाई गर्दीतून पुढे घुसली आणि तिने पाटावरून नातवाला उचललं. दर्शन अपुरं राहील, असं महाराज म्हणाले.

"राहू द्या," ठमाबाई म्हणाली, आणि सुनेला घेऊन रिक्षात बसली. तिचा मुलगा जीवन तेव्हा कारखान्यात पाळीवर होता. त्याला कळवायलाही ती थांबली नाही.

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बाळाचं रक्त काढलं. ते लाल नव्हतं. चॉकलेटसारखं तपकिरी होतं. त्यांनी बाळाला औषध दिलं, ऑक्सिजन लावला आणि मग पहिलाच प्रश्न विचारला की पाणी कुठलं पाजता. विहिरीचं, असं सुवर्णा म्हणाली. शेतात खत फार टाकता का, असं त्यांनी विचारलं.

"चिमूटभर नाय टाकत," ठमाबाई म्हणाली. "तरी मेथी काळीभोर यायची. औंदा झेंडू तर कमरेएवढा झालाय. नुसता पाला हे, कळी धरंना." आणि बोलता बोलताच ती थबकली. पाला माजतो आणि फूल धरत नाही, ते कशाने, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. खत जास्त झालं की. मग तिने टाकलं नाही, तर टाकलं कुणी?

मळ्याच्या वर काय आहे, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कचऱ्याचा माळ, असं ठमाबाईने सांगितलं. मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. कचरा कुजून त्याचं खत होतं, त्यावर पाऊस पडतो, त्याचा काळा कढ जमिनीत मुरतो. माती त्याचा काळा रंग गाळते, पण पाण्यात विरघळलेलं खत गाळू शकत नाही. ते थेट विहिरीत उतरतं. मोठ्या माणसाला त्याचं लगेच काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मात्र प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो, म्हणून बाळ निळं पडतं. पाणी उकळलं तर ते खत जात नाही, उलट आटून दाट होतं. सुवर्णा हे ऐकून भिंतीला डोकं टेकून रडायला लागली.

बाळाचे ओठ हळूहळू गुलाबी झाले. पण ठमाबाईला बसवेना. शेजारच्या मळ्यातली बायडाबाई कालच आनंदाने सांगून गेली होती की तिच्या तान्ह्या नातीलाही रंग चढायला लागलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मळ्यात पोचली तेव्हा आरती चालली होती आणि पहिल्याच रांगेत बायडाबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या तोंडाला बाटली होती. ठमाबाईने सगळ्यांसमोर सांगितलं की या पाण्याने तिचा नातू मरता मरता वाचला. महाराज हसले. त्यांनी तांब्या भरून घेतला, घटाघटा रिकामा केला, उपडा करून दाखवला.

"काय झालं मला?" त्यांनी विचारलं.

लोकांनी जयजयकार केला. बायडाबाईने बाटली पुन्हा पोरीच्या तोंडात दिली.

ठमाबाईच्या अंगाची आग आग झाली. तिने झोपडीतलं फावडं उचललं. "चला माझ्याबरोबर," ती म्हणाली. "तुमची देवी कुठून येती ते दावते." ती तरातरा चढावर निघाली आणि गंमत बघायला का होईना, लोक मागे गेले. विहिरीपासून शंभर पावलांवर, कचऱ्याच्या पायथ्याशी, तिने खणायला घेतलं. दोन हात खोल गेल्यावर खड्डा आपोआप भरायला लागला. काळंकुट्ट, फेसाळ पाणी, आणि असा भपकारा की पुढच्यांनी पदर नाकाला लावले. भरलेला खड्डा वाहू लागला आणि ओघळ सरळ विहिरीच्या दिशेने उतरला.

"ही भूमातेची काजळी," महाराज म्हणाले. पण तेही नाकाला रुमाल लावून होते.

"मोठ्यांना ह्ये पचतं, म्हणून ह्यांनी तांब्या रिचवला," ठमाबाई म्हणाली. "तान्ह्याला नाय पचत. बायडे, तुझ्या पोरीला देव चढला नाय, तिचा जीव घुसमटतोय. पयला नारळ मीच फोडला, मला काय शिव्या द्यायच्या त्या मागून द्या."

बायडाबाईने खड्ड्याकडे पाहिलं, मग नातीच्या ओठांकडे. बाटली तिथेच टाकून ती रस्त्याच्या दिशेने धावत सुटली.

पोरगी वाचली. महाराज त्याच दिवशी कंत्राटदाराच्या जीपमधून गेले. जीप त्यांना न्यायला इतक्या तत्परतेने कशी आली, हे आता सगळ्यांना कळलं. विहीर देवाची असली की पाण्याबद्दल तक्रार करतं कोण?

मळेकऱ्यांनी सह्या-अंगठ्यांचा अर्ज दिला. कचऱ्याखाली पाणी न झिरपणारा थर घाला, पायथ्याने चर खणा, काळं पाणी टाकीत अडवून शुद्ध करा. यात अशक्य असं काहीच नाही. कमानीला लागलं तेवढं लोखंड आणि सिमेंट चराला लागलं असतं तर दोन लेकरं मरणाच्या दारात गेली नसती. पण अर्ज टेबलाटेबलावर फिरतोय, आणि कचऱ्याचा कढ नाल्यातून गोदावरीत, गोदावरीतून पार समुद्रात जातोय. वाटेत किती विहिरी आहेत आणि किती पाळणे, याचा विचार करायला कुणाला सवड नाही.

म्हणून सांगणं एवढंच. लेकरू निळं पडलं तर आरती करू नका, रिक्षा बोलवा. आणि विहिरीच्या पाण्याची चव बदलली तर नारळ फोडण्याआधी चार पावलं चढून वरच्या अंगाला काय पडलंय ते बघून या.