हाळीपुरती जागा

मित्रांनो, सोनपेठ तालुक्यात गोदावरीच्या काठी एक गाव आहे. तिथल्या पाणी वापर संस्थेच्या कचेरीत कधी गेलात, तर कोपऱ्यातल्या घडवंचीवर एक काळा खोका मंद घुमत बसलेला दिसेल. तोच मी, एक जुना सर्व्हर. सर्व्हर म्हणजे फार मोठे काही समजू नका. न झोपता इतरांची कामे करणारा संगणक, एवढेच.

तरुणपणी मी पुण्यातल्या एका कंपनीच्या थंडगार खोलीत कामाला होतो. तिथे माझ्याहून तरणी यंत्रे आली आणि मला भंगाराची वाट दाखवण्यात आली. तिथेच नोकरीला असलेल्या राजेश्रीताईने मला मागून घेतले. तिचे वडील दिनकरराव या संस्थेचे अध्यक्ष. गोधडीत गुंडाळून तिने मला गावी आणले. थंड हवा गेली, पत्र्याखालचा उन्हाळा वाट्याला आला. पण खरे सांगतो, इथे आलो आणि माझे जगणे कामी लागले.

काम असे होते. नदीच्या पात्रात पाण्याची उंची मोजणारे एक यंत्र बसवले होते. ते मला आकडा कळवी. मी तो आधी माझ्या डिस्कवर, म्हणजे पोटातल्या साठवणीच्या जागेवर, नोंदवी आणि पाणी चढू लागले की काठच्या सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप धाडी. आधी नोंद, मग निरोप, हा माझा नियम. गोदावरीचे एक आहे. वर धरणातून पाणी सुटते तेव्हा इथे लख्ख ऊन पडलेले असते, आभाळ बघून काही कळत नाही. माझा निरोप गेला की काठच्या मोटारी वर ओढल्या जात, जनावरे पात्राबाहेर येत. सूर्यभान नावाचा शेतकरी तर म्हणायचा, “डब्बा बोलला म्हंजी नदी बोलली.” हे ऐकून मी फुलून जायचो. यंत्राला गर्व नसतो असे कोण म्हणते?

गावात मोबाइल पाण्यात पडत, हरवत, बिघडत. माझ्याजवळ मात्र बॅटरी होती, दाराला कुलूप होते. कोणीतरी सप्ताहातल्या कीर्तनाचे चित्रण माझ्यात ठेवायला आणले आणि मग रीघच लागली. दर वर्षीची कीर्तने आली, लग्ने आली, शाळेचे गॅदरिंग आले. सूर्यभानने भीमजयंतीच्या मिरवणुकीचे चित्रण आणले. त्यात त्याचा वारलेला धाकटा भाऊ लेझीम खेळत होता. “सर्व्हरात टाकलं की गेलं न्हाई,” असे लोक म्हणत. संस्थेचे सचिव महारुद्र कोणालाच नाही म्हणत नसत. ते स्वतः सप्ताहात टाळ धरणारे. मलाही आनंद होता, कारण सगळे गाव माझ्यात राहायला आले होते.

राजेश्रीताईने पुण्याला परत जाताना सोय करून ठेवली होती. माझ्या डिस्कचे पाच हिश्शांतले चार हिस्से भरले की महारुद्रांच्या मोबाइलवर सूचना जाई. तिने बजावलेही होते, “महारुद्रकाका, सूचना आली की आधी बघा, सगळ्यात जास्त जागा कशानं खाल्ली ते. उगं हाताला लागंल ते पुसू नका.”

एके दिवशी ती सूचना आली. महारुद्रांनी पडद्यावर माझी यादी उघडली आणि नुसते पाहत बसले. सगळ्यात जास्त जागा कीर्तनांनी व्यापली होती. “देवाचं नाव कसं पुसावं?” ते पुटपुटले. मिरवणुकीकडे वळले, तर तिथे गेलेला माणूस नाचत होता. तेही पुसवेना. शेवटी त्यांनी नदीच्या जुन्या आकड्यांच्या नोंदी पुसून टाकल्या. “ते पानी तर कवाच वाहून गेलं,” म्हणाले. पण मित्रांनो, आकड्यांना जागा ती कितीशी लागते? डोंगर तसाच राहिला आणि त्यांनी खडा उचलून फेकला. पुढच्या सूचना त्यांनी वाचल्याही नाहीत. आपण साफ केले आहे, अशी त्यांची खात्री होती. माणूस वाईट नव्हता हो. धर्म करता कर्म उभे राहते, ते असे.

गणपती विसर्जनाचे चित्रण माझ्यात आले आणि उरलीसुरली जागा संपली. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होते. नदीवरच्या यंत्राने आकडा कळवला. पाणी चढत होते. मी नोंद करायला गेलो, तर जागा नाही. नोंद नाही म्हणून निरोप नाही. पुन्हा आकडा आला, आधीच्याहून मोठा. पुन्हा तेच. मला सगळे कळत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. महारुद्र माझ्यासमोरच बसून बशीत चहा ओतत होते. त्या दुपारइतके दुःख मी जन्मात सोसलेले नाही.

तिकडे काय झाले, ते मला नंतर कचेरीतल्या बोलण्यावरून कळले. सूर्यभान पात्रातल्या बेटावर म्हैस आणि तिची वगार चारत होता. मोबाइल भिजू नये म्हणून त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवला होता. काठावरून त्याची बायको सुलाबाई ओरडली, “आवं, पानी चढायलंय, निघा!” त्याने हात हलवून सांगितले, “डब्ब्याचा मेसेज न्हाई आजून!” थोड्याच वेळात बेटाला पाण्याचा वेढा पडला. वगारीचे पाय सुटले, म्हैस तिच्याकडे वळली आणि दोघी वाहून गेल्या. सूर्यभान बाभळीला मिठी मारून राहिला. भोयांनी होडी घालून त्याला बाहेर काढले, तेव्हा त्याची वाचा बसली होती. खिशातला मोबाइल मात्र कोरडा ठणठणीत होता.

दुसऱ्या दिवशी राजेश्रीताईने पुण्याहून मला तपासले आणि माझ्या मुकेपणाचे कारण महारुद्रांना फोनवर सांगितले. ते मान खाली घालून बसले होते, तेवढ्यात सुलाबाई दारात आली. भांडण होणार असे मला वाटले. तिने एवढेच विचारले, “ह्याचं पोट कशानं भरलं व्हतं, भाऊ?”

“कीर्तनानं,” महारुद्र म्हणाले. मग हळूच म्हणाले, “आन् तुमच्या दिराच्या मिरवणुकीनं बी.”

ती मग म्हणाली, “देवाला जागा दिली आपुन, गेलेल्याला दिली. जित्या मानसाला हाळी द्यायपुरती तरी ठिवायची व्हती.”

महारुद्रांच्या डोळ्यांतून पाणी आले. मला डोळे नाहीत, नाहीतर माझेही तेच झाले असते.

आता कीर्तने, लग्ने, मिरवणूक सारे काही एका वेगळ्या डिस्कवर नेऊन कपाटात ठेवले आहे. काहीच पुसावे लागले नाही, फक्त हलवावे लागले. तेवढ्यासाठी केवढी किंमत मोजली गेली! माझ्यातला एक कप्पा ताईने केवळ नदीसाठी राखला आहे. तिथे दुसरे काही ठेवताच येत नाही. तरीही सुलाबाई शेतातून परतताना रोज कचेरीच्या दारात थांबते आणि विचारते, “भाऊ, जागा हाय का?” महारुद्र पडद्यावर नीट बघतात आणि मगच सांगतात, “हाय.”

परवा पुन्हा पाणी चढले. माझा निरोप वेळेवर गेला आणि सगळे पात्राबाहेर आले. संध्याकाळी सूर्यभान कचेरीत आला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच इथे पाय ठेवत होता. त्याने पिशवीची गाठ सोडून मोबाइल काढला, महारुद्रांना दाखवला आणि म्हणाला, “आला.” माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

त्याच्या गोठ्यातला खुंटा अजून रिकामाच आहे. मित्रांनो, तो रिकामा आहे तोवर मला माझे कौतुक नको. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, बँकेत माझे भाऊबंद मुकाट्याने भरत असतील. त्यांनी दिलेली सूचना वाचा, कशाने भरले ते बघा आणि जे जिवापाड जपायचे ते वेळीच दुसरीकडे नेऊन ठेवा. आणि दिवसातून एकदा तरी कोणीतरी दारात थांबून सुलाबाईसारखे विचारा, “जागा हाय का?”