मागची सीट

मागच्या काचेवर चिकटवलेलं ते लाल अक्षर आतून उलटं दिसत होतं आणि उन्हामुळे त्याचा लालसर डाग तिच्या गुडघ्यावर पडला होता — गाडी हिसका खाऊन पुढे सरकली की डाग मांडीवर चढायचा, थांबली की परत गुडघ्यावर. सांभाळा, आत शिकाऊ माणूस आहे, असं ते अक्षर मागून येणाऱ्यांना सांगत होतं. आत तर तिघं होती...

"क्लच," बाबा म्हणाले.

"दाबलाय."

"अर्धाच दाबलाय."

"माझा पाय मला कळतो," आई म्हणाली.

मागच्या सीटवर ती खिडकीबाहेर बघू लागली. "तूही चल," असं आई सकाळी म्हणाली होती, "तू असलीस की आम्ही जरा माणसांसारखं वागतो." म्हणाली हसतच, पण हल्ली आई हसत म्हणालेलं काहीच मुलगी हसण्यावारी नेत नसे. तिला सोळावं लागलं होतं, उंचीत तिनं आईला केव्हाच मागे टाकलं होतं, तरी बाबा तिला अजून 'बुटके' म्हणत, आणि घरात तिला एक काम लागलं होतं, जे कुणी दिलं नव्हतं नि कुणी काढूनही घेत नव्हतं. बाबांना विचार, जेवायला किती वाजता येणार. आईला सांग, उशीर होईल. एकाच खोलीत, एकाच टेबलाशी बसून! आणि ती सांगत असे, पण जसंच्या तसं नाही. "सांग त्यांना, माझी वाट बघू नका म्हणावं," असं आई तुटकपणे बोलली की ती बाबांपाशी जाऊन म्हणे, "आई म्हणते, तुम्ही जेवून घ्या, उपाशी नका राहू." चिमूटभर साखर तिच्या पदरची. त्या चिमटीवर घर चाललंय असं तिला मनापासून वाटे — आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा अभिमानही होता.

हे सगळं सुरू झालं ते आईनं गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या, नदीपलीकडच्या मुलांच्या इस्पितळात नर्सची नोकरी घेतल्यापासून. आधी होकार देऊन आली आणि मग घरी सांगितलं. बाबा कवळ्या बनवत. त्यांच्या कामाच्या खोलीत फळीवर ओळीनं प्लास्टरचे जबडे दात विचकून बसलेले असत, आणि त्या दिवशी बाबा त्या जबड्यांमध्ये जाऊन बसले ते असे गप्प की सगळ्या खोलीत तेवढेच एक न हसणारे. मग एके दिवशी त्यांनी ही जुनाट गाडी आणून दारात उभी केली. "तिकडे जायला वेळेवर बस नसते," ते तिला म्हणाले — आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तिला हेच उमगत नव्हतं. बायको जाते म्हणून ज्याला राग, तोच तिला जायला शिकवतो? की जावं असंच त्यांना वाटतंय — निघालेल्या पाहुण्याची बॅग आपण फाटकापर्यंत उचलून देतो, तसं? आणि आई तरी... गाडी शिकवणारे क्लास काय कमी होते, मग बाबांकडूनच का शिकायचं...

गाडी पुलाच्या चढावर आली आणि गचका खाऊन बंद पडली. आईनं चावी फिरवली. परत बंद. आणि मग सगळं जगच हळूच मागे घसरायला लागलं. बाबांनी खसकन हँडब्रेक ओढला. मागे हॉर्न वाजला. तिनं वळून पाहिलं, तर अगदी नाकाशी एक टेम्पो, त्यात उभी रचलेली काचेची मोठमोठी तावदानं, आणि त्या तावदानांत आकाश थरथरत होतं.

आता. आता ओरडतील. ती पुढे झुकली, दोन वाक्यं तिच्या ओठांवर तयार होती, एक इकडचं आणि एक तिकडचं...

बाबा दार उघडून उतरले.

गेले! पण बाबा मागे आले, गाडी आणि टेम्पो यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरले आणि चक्क दोन्ही हात पसरून उभे राहिले. कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरे झालेले हात.

"काका, हातानं गाडी अडवणार काय?" टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"गाडीला नाही, तुम्हाला अडवतोय! घ्या जरा मागं!"

"हे कुठे गेले?" आईनं विचारलं.

"मागे उभे आहेत."

आईनं आरशात पाहिलं, आणि त्या अरुंद आरशात तिला आईचे डोळे दिसले — ज्यांना ती ओळखत नव्हती असे, घाबरलेले, तरुण. आईनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "अहो! वेड लागलंय का? बाजूला व्हा! गाडी मागं आली तर?"

"नाही येणार!"

"कशावरून?"

"मी इथं उभा आहे म्हणून! सोड ब्रेक, दाब पाय, जा तू!"

आई आत आली. ओठ दाताखाली धरून तिनं असं काही केलं की गाडी ओरडली, थरथरली आणि सुटलीच — वर, सरळ वर, आणि मागे बाबा धावताहेत, एक चप्पल रस्त्यावर राहिली, ती घ्यायला वळले, टेम्पोवाल्यानं टाळ्या वाजवल्या!

पुलाच्या माथ्यावर आईनं गाडी कडेला घेतली. बाबा धापा टाकत आले, चप्पल हातात तशीच.

"नवऱ्याला टाकून चाललीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, जा म्हणून."

नदीवरून वारा आला. हे फक्त चढाबद्दलचं बोलणं नव्हतं, हे तिला कळलं, आणि तिला कळलंय हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं.

"म्हणालो खरं," बाबा सावकाश म्हणाले. "पण येताना इकडून उतार लागतो. तो निराळा शिकवावा लागेल."

"शिकवा की मग."

आणि आई हसायला लागली. स्टिअरिंगवर डोकं टेकून, खांदे गदगदा हलवत. बाबाही खिडकीच्या चौकटीला धरून हसले, त्यांच्या हाताचं पांढरं आईच्या बाहीला लागलं, आईनं ते झटकलं नाही. त्या हसण्यात आत जायला कुठे दारच नव्हतं. मी मागे बसले होते, ओठांवरची ती दोन वाक्यं तशीच घेऊन, आणि ती कुणालाच नको होती. आधी तिला चक्क राग आला. इतके दिवस मी जी साखर... म्हणजे त्यांना तिची गरजच नव्हती? की होती, आणि आता नाही? आणि मग रागाच्या खालून काहीतरी हलकं, फुगत, वर येऊ लागलं.

"मी इथून चालत जाते," ती म्हणाली.

दोघं एकदम वळली. जणू ती गाडीत आहे हे आत्ताच कळलं.

"का गं? काय झालं?"

"काही नाही. तुम्ही भांडा निवांत."

"बुटके —" बाबा म्हणाले आणि थांबले, कारण ती उतरून समोर उभी राहिली होती आणि त्यांना तिच्याकडे बघायला मान वर करावी लागली नाही, पण खालीही करावी लागली नाही.

गाडी गेली. ती कठड्याच्या कडेनं निघाली. आई जाईल? राहील? जाऊन रोज परत येईल? उद्या टेबलाशी पुन्हा अबोला धरतील... धरतीलही. त्यांचं ते बघतील, असं ती स्वतःशीच म्हणाली, आणि एवढं मोठं वाक्य आपण इतक्या सहज उच्चारलं याचंच तिला नवल वाटलं. त्यांचं ते बघतील... आणि माझं? माझं काय, कोण, कुठे — काहीच तर नव्हतं समोर, नुसता पूल आणि वारा आणि दुपार. तरी तो शब्द ती पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिली, माझं, माझं, आणि पाय आपोआप भरभर पडू लागले.