मुकादमाला विचारा

मी एक घमेलं. काळ्या पत्र्याचं, दोन कानांचं, बांधकामावर रेती आणि कालवलेला माल वाहणारं. आमच्या जातीला कुणी बोलतं करत नाही, म्हणून आज मीच बोलतोय.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. यंत्रानं सपाट पत्र्यावर दाब दिला आणि मी खोलगट झालो. मग एकात एक रचलेली आम्ही भावंडं पालघरच्या बाजारात एका लोखंडी सामानाच्या दुकानात येऊन पडलो. तेव्हा घिवलीच्या बाजूला वीजघराचं मोठं काम निघालं होतं, आणि बाहेरून येणाऱ्या माणसांना राहायला म्हणून बोईसरमध्ये लहानमोठे ठेकेदार चाळी बांधू लागले होते. अशाच एका ठेकेदारानं आम्हांला उचललं. त्या वर्षी रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी मिळायची आणि तिच्या भाकरी थापताना बाया सरकारला नावं ठेवायच्या, एवढं मला आठवतं.

मी सोजराबाईच्या वाट्याला आलो. ती नगरकडची. तिकडे दोन वर्षं पाऊस फिरकला नाही, म्हणून नवरा बन्सी याच्याबरोबर समुद्राच्या अंगाला उतरलेली. बन्सी गवंडी होता, ती बिगारी. आठ-दहा घरांची ती टोळी, सगळी ख्रिस्ती माणसं. सकाळी एकमेकांना भेटली की "सलाम" म्हणायची.

त्यांचा मुकादम आनंदा साळवे. कामावर तोच पुढे आणि उपासनेलाही तोच. शिकलेला पाळक मुंबईहून वर्षातून कधीतरी यायचा; बाकीचे रविवार आनंदाच चालवायचा. उंच, सावकाश बोलणारा आणि भित्रा माणूस. हो, भित्राच. पायाखाली सरडा आला तरी दचकायचा. सुपरवायझरचा आवाज चढला की त्याच्या कपाळावर घाम यायचा.

रविवारी सोजराबाई माझ्या कानात दोरी ओवून मला झोपडीबाहेर टांगायची आणि आनंदा दगडानं माझ्यावर ठोके द्यायचा. ते ऐकून माणसं जमायची. सहा दिवस माल आणि एक दिवस घंटा. मला स्वतःला त्यात फारसा फरक वाटायचा नाही. प्रार्थनेची झोपडी बांबूची, वर ताडाच्या झावळ्या. पावसात ती गळायची आणि नेमकी बाया बसत त्याच अंगाला गळायची. या जागेवर पत्रे पडावेत, एवढी एकच गोष्ट सोजराबाई देवाकडे मागायची.

टोळीत दोघी बाहेरच्या होत्या, लाडकी आणि तिची आई ठकी. पूर्वेच्या डोंगराकडल्या पाड्यावरून त्या रोज चालत यायच्या. लाडकी आणि सोजराबाई माझ्या खेपा वाटून घ्यायच्या. रविवारी कधी लाडकी झोपडीच्या दाराशी बसून गाणी ऐकायची आणि मग सोजराबाईला म्हणायची, "तुमचा देव आठवड्यातून एकच दिस भेटतो काय? आमचा तर रोज शेतात उभा हाय." सोजराबाई हसून सोडून द्यायची.

चाळीचा दुसरा मजला चढत होता. भिंतीलगत उभं राहायची परांची बांधून बरेच महिने झाले होते आणि बांबू बांधलेला काथ्या पावसानं कुजला होता. बन्सीनं तो आनंदाला दाखवला. आनंदानं सुपरवायझर खंडेरावला सांगितलं. नवा काथ्या येतोय, तोवर काम थांबवायचं नाही, असं उत्तर मिळालं. आनंदानं पुन्हा जाऊन सांगितलं आणि बायांना खालीच थांबवलं.

जेवणाची सुट्टी संपल्यावर खंडेराव आला. गवंडी वर मालावाचून मोकळे बसलेले पाहून तो बायांवर ओरडला आणि त्यांना वर चढायला लावलं. आनंदा चुन्याच्या हौदाजवळ होता. तो नको नको म्हणत धावत आला, पण तोवर लाडकी मला डोक्यावर घेऊन वर पोचली होती आणि तिच्या मागे सोजराबाई होती.

काथ्या तुटल्याचा आवाज मी ऐकला. मला दुःख कळत नाही, वजन कळतं. एका क्षणी माझा भार लाडकीच्या डोक्यावर होता आणि दुसऱ्या क्षणी कुणावरच नव्हता. खाली दगडावर आपटून माझा काठ चेपला. सोजराबाई एका बांबूला लोंबकळत राहिली, तिला बन्सीनं ओढून घेतलं. लाडकी उठली नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला. त्यात माझीही नोंद झाली. पालघरच्या कचेरीत चौकशी होईल तेव्हा हे घमेलं हजर करायचं आणि तोवर मुकादमानं सांभाळायचं, असं ठरलं. म्हणून मी आनंदाच्या झोपडीत गेलो आणि पुढचं सगळं मला पाहायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खंडेराव तिथे आला. माणूस म्हणून तो काही राक्षस नव्हता. टोळीत हिवताप पसरला तेव्हा त्यानंच गोळ्या आणून वाटल्या होत्या. पण त्यालाही वर ठेकेदार होता. तो खाटेच्या कडेवर बसला आणि हळू आवाजात सांगू लागला. सगळे जेवायला बसले होते, पोरगी ताडी पिऊन आपणहून वर चढली आणि पडली, एवढंच मुकादमानं सांगायचं. पाड्यावरची माणसं ताडी पितातच, कुणाला खोटं वाटणार नाही. मग त्यानं गोदामातल्या पत्र्यांची गोष्ट काढली. ते तसेच गंजत पडलेत, प्रार्थनेच्या जागेला कामी येतील. आणि हे जमणार नसेल तर टोळीनं दुसरं काम शोधावं.

आनंदा म्हणाला, "साहेब, तिनं घेतली नव्हती."

"मला ठाऊक आहे."

खंडेराव उठता उठता म्हणाला, "एवढा विचार कसला करतोस? ती तुमच्यातली तरी होती का?"

त्या रविवारी मला टांगलं नाही. मी आता सरकारी पुरावा होतो, आनंदानं मला हात लावला नाही. तरी सगळे जमले. आनंदानं काही न लपवता सगळं सांगितलं, पत्र्यांचंही. मग बराच वाद झाला. काहींचं म्हणणं, मेलेली तर परत येत नाही. काहींना लेकरांची काळजी होती. शेवटी सोजराबाई बोलली.

"मुकादम, तुमी आमचे म्होरके. मेंढका खरं बोलाया गेला अन् मेंढरं रानात उपाशी मेली, तर त्यो कसला मेंढका?"

आनंदानं हातातलं शास्त्राचं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"तुजं बराबर हाय," तो म्हणाला. "म्हून सांगतो. तुमी कुणीबी खोटं बोलू नगा. अन् खरं बोलायचा भारबी तुमी उचलू नगा. कुणी काय इचारलं तर येकच सांगा, मुकादमाला विचारा. मंग जे व्हायचं ते माझं व्हईल."

"तुमाला भ्या न्हाई वाटत?" बन्सीनं विचारलं.

"लई वाटतं. पर ज्या तोंडानं हितं प्रभूचं नाव घेतो, त्याच तोंडानं त्या पोरीला दारुडी म्हणलो, तर फुडल्या आईतवारी तुमच्याम्होरं कोणत्या तोंडानं उभा ऱ्हाऊ?"

पालघरला जाताना गाडीत त्यानं मला मांडीवर धरलं होतं. त्याची बोटं माझ्या काठावर सारखी टकटक करत होती, इतकी की मी बारीक वाजत होतो. समोरच्या बाकावरच्या माणसानं दोनदा वळून पाहिलं.

कचेरीत त्यानं देवाची शपथ घेतली आणि घडलं तसं सांगितलं. आवाज चिरका येत होता, पण वाक्यं सरळ होती. खंडेराव म्हणाला, पोरगी ताडी प्यायली होती, मुकादमाचं माझ्याशी वैर आहे. चौकशी करणाऱ्या साहेबांनी बाकीच्यांना एकेक करून पुढे बोलावलं. बन्सी म्हणाला, मुकादमाला विचारा. सोजराबाई म्हणाली, मुकादमाला विचारा. सगळे तेच म्हणाले. साहेब वैतागले आणि त्यांनी पुढची तारीख दिली.

त्याच संध्याकाळी आनंदा मला घेऊन एकटाच बोईसर स्टेशनातून कामाकडे येत असताना ताडांच्या रांगेशी चार जण आडवे आले. ते नुसते मारत राहिले. त्यांना कुणी पाठवलं हे कधी सिद्ध झालं नाही, म्हणून मीही सांगत नाही. मी चरात जाऊन पडलो. ते निघून गेल्यावर आनंदा कोपरांवर सरपटत माझ्यापर्यंत आला, कारण मला सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर टाकली होती. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता.

कामावरून त्याचं नाव कमी झालं. टोळीनं त्याला आसरा दिला तर सगळ्यांनाच काढू, असं खंडेरावनं बजावलं. झोपडीतली उपासनाही बंद झाली. तेव्हा ठकी पाड्यावरच्या दोन माणसांना घेऊन आली आणि त्याला झोळीत घालून आपल्या घरी घेऊन गेली. बरोबर मीही गेलो. तिथल्या वैदूनं पाय बांबूच्या कामट्यांत बांधला. ठकी रोज त्याला तांदळाची पेज द्यायची आणि समोर बसायची. लेक गेल्यापासून ती फारशी बोलतच नव्हती. एक दिवस मात्र तिनं विचारलं.

"ती तुमच्या देवाची नव्हती. मग तुमी कशाला मार खाल्ला?"

आनंदानं पेजेची वाटी खाली ठेवली. "देवानं मला ती कुणाची व्हती ते न्हाई इचारलं, बाई. ती कशी पडली, तेवढंच इचारलं."

ठकीनं मान हलवली. पटलं की नाही, ते मला सांगता येणार नाही. वाटी उचलून तिनं त्यात आणखी पेज घातली.

रविवार आला की आनंदा भिंतीला टेकून उठून बसायचा आणि एकटाच मोठ्यानं प्रार्थना म्हणायचा, जणू समोर सगळी मंडळी बसली आहेत. एकेकाचं नाव घ्यायचा. अशाच एका रविवारी सोजराबाई लपतछपत पाड्यावर आली. पदराखाली भाकरी होती. कुडाच्या भिंतीशी आली आणि आतला आवाज ऐकून तिथेच थबकली. मी बाहेरून कुडालाच टेकून ठेवलेला होतो, म्हणून मी तिला पाहिलं.

"बापा, बन्सीच्या हाताला काम असू दे," आनंदा म्हणत होता. "सोजराचं भ्या माझ्या पदरात घाल, मला त्याची सवय हाय. खंडेरावाच्या लेकरांना सुखी ठेव. त्यो बी वरच्याला भितो."

सोजराबाईनं भाकरी कुडाशी ठेवली आणि आत न येता माघारी गेली. ती रडली वगैरे नाही. फक्त येताना वाकून आली होती, जाताना उघड्या वाटेनं गेली.

पुढच्या तारखेला आनंदा कुबडी घेऊन पालघरला आला. मला ठकीनं डोक्यावर आणलं. साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, मुकादमाच्या बाजूनं दुसरा कुणी साक्षीदार नाही, तेव्हा पोरगी नशेत होती हेच धरावं लागेल. ठकीनं ते ऐकलं आणि जमिनीकडे पाहिलं.

तेवढ्यात मागे बसलेल्या टोळीतून सोजराबाई पुढे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"साहेब, मागल्या येळेला आमी म्हणलो, मुकादमाला विचारा. आज मला विचारा. मी तिच्या मागंच व्हते."

साहेब म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तवा आमचा भार त्यानं घेतला व्हता. त्याचा पाय मोडला, साहेब. आता थोडा आमी घ्यावा म्हणते."

आणि तिनं सगळं सांगितलं. लाडकी शुद्धीत होती हे, खंडेरावनं ओरडून चढायला लावलं हे, काथ्याबद्दल दोनदा सांगून झालं होतं हेही. मग बन्सी उठला. मग एकेक करून टोळीतले सगळे. खंडेराव खिडकीबाहेर बघत बसला. साहेबांनी त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ते सांगतात तसंच झालं." त्याच्या खांद्यावरून काही उतरल्यासारखं मला वाटलं. वजनाच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही.

निकाल फार मोठा लागला नाही. ठेकेदार दंड भरून सुटला. ठकीला नुकसानभरपाई मिळाली, तीही खूप उशिरा. खंडेराव काम सोडून गेला. आणि टोळीला त्याच आठवड्यात चाळीवरून काढलं. पत्रे अर्थातच मिळाले नाहीत.

बोईसर सोडण्याआधीचा रविवार त्यांनी ठकीच्या अंगणात काढला, उघड्या आभाळाखाली. आनंदाला फार वेळ उभं राहवत नव्हतं. त्यानं सोजराबाईला प्रार्थना सांगायला सांगितलं. बाईमाणसानं कशी सांगायची म्हणून एकदोघं कुजबुजले. आनंदा म्हणाला, कचेरीत साक्ष सांगितली तशीच. ती अडखळत बोलली, मध्येच शब्द विसरली, पण शेवटाला सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आनंदाला घेऊन टोळी चिंचणीच्या बाजूला एका वाडीची भिंत बांधायला गेली. तिथून पुढे कुठे गेली ते मला माहीत नाही. मी ठकीकडेच राहिलो. काम संपलेल्या पुराव्याला सरकार परत बोलावत नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. गंजून माझ्या तळाची चाळण झाली आहे. ठकी थंडीत माझ्यात निखारे ठेवते आणि शेकत बसते. ती ख्रिस्ती झाली नाही. आनंदानं तिला तसं कधी सुचवलंही नव्हतं. शेकायला आलेल्या बाया लाडकीची आठवण काढतात. कशी गायची, कशी फटकन बोलायची, ते सांगतात. ठकी ऐकते, कधी त्यात आपलंही एखादं वाक्य घालते.

आता माझं फार दिवस राहिलेलं नाही. भंगारवाला दोनदा येऊन मला बघून गेला. जाता जाता एकच मागणं आहे. कुठल्या बांधकामावर डावा पाय ओढत चालणारा, सरड्याला दचकणारा मुकादम तुम्हांला भेटला, तर त्याला सलाम म्हणा. आणि सांगा, पाड्यावर लाडकीला कुणी दारुडी म्हणत नाही.