डाव्या पायाचा आवाज

भाऊजींना जन्मापासून दिसत नाही. पण त्यांचं कुणावाचून अडत नसे. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर ते अठरा वर्षं बसत होते, आणि अर्ध्या गावाचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. वहिनीची गरज लागायची ती फक्त सकाळी, धावताना. दोघांच्या मनगटांत हातभर दोरी, आणि तिनं बोलायचं ते एवढंच : खड्डा, वळण, चढ. नवरा अंथरूण सोडायला तयार नसे, म्हणून चार वर्षांपूर्वी धाकट्या दिराला घेऊन जायचं काम तिच्या गळ्यात पडलं. पुढे तेच तिच्या अंगात भिनलं. यंदा दोघं पहिल्यांदाच एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरणार होते.

शर्यतीला सात आठवडे असताना तिची डावी नडगी ठणकायला लागली. आठ दिवस तिनं तेल चोळून ढकलले. मग जिना उतरताना डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कुठे ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. हाडाला केसाएवढी चीर गेली होती. सहा आठवडे धावणं बंद, फार वेळ उभंही राहायचं नाही, असं बाईंनी बजावलं. वहिनीनं सांगितलं, की ती कपड्यांच्या कारखान्यात कापड कापते, आठ तास टेबलापाशी उभी असते. मग सहाचे आठही होतील, बाई म्हणाल्या.

कारखान्यात मुकादमानं स्टूल दिलं. पण टेबल उंच, बसलं की कात्री कापडाच्या मधोमध पोचेना. दोन दिवसांनी तिनंच ते भिंतीला सारलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

भाऊजी म्हणाले, घाई नाही. पण रोज साडेपाचला त्यांच्या खोलीतून जागच्या जागी धावण्याचा आवाज यायचा, आणि ती पाय उशीवर ठेवून तो ऐकत पडायची.

चौथ्या आठवड्यात सलग तीन दिवस पाय दुखला नाही. हाड जुळलं असणार, असं तिनं स्वतःला पटवलं आणि भाऊजींना सांगितलं, डॉक्टरांनी परवानगी दिली. ते लगेच बूट घालून तयार.

पहिला किलोमीटर छान गेला. दुसऱ्यात नडगीत सुई टोचल्यासारखं झालं. तिनं श्वाससुद्धा बदलू दिला नाही. तरी भाऊजी हळू झाले आणि थांबले.

"वहिनी, दुखतंय तुम्हाला."

"नाही हो."

"डावा पाय हलका पडतोय. चार वर्षं ऐकतोय मी तो." मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर खरंच हो म्हणाल्या होत्या?"

ती नाही म्हणाली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता खांदा पुढे केला. भाऊजींनी काठी आणलेली नव्हती, म्हणून रस्ता तिनं सांगायचा आणि भार त्यांनी घ्यायचा, असे दोघं निघाले. "गोष्टीतले आंधळा-लंगडा झालो की आपण," भाऊजी म्हणाले. "पण तुम्हाला खांद्यावर घ्यायला सांगू नका, माझीही नडगी जाईल." ती हसायला गेली आणि रडली.

नव्या एक्स-रे फोटोत चीर वाढलेली दिसली. सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून. आता शर्यत गेलीच होती, निदान तिची तरी. धावणाऱ्यांच्या मंडळाला फोन करून तिनंच भाऊजींसाठी दुसरा जोडीदार मिळवला, एक उंचेले चित्रकलेचे मास्तर.

शर्यतीच्या दिवशी ती शेवटच्या रेषेपाशी खुर्चीवर बसली. सव्वादोन तासांनी ते दोघं दिसले. मास्तर पावलागणिक काहीतरी सांगत होते. तिनं टाळ्या वाजवल्या, आणि आपल्याला आनंद व्हायला हवा तेवढा होत नाही, याची तिला लाज वाटली.

तिनं हाक मारताच भाऊजी घामानं निथळत तिच्या आवाजाच्या रोखानं आले आणि खुर्चीची पाठ चाचपून उभे राहिले.

"मास्तर फार बोलतात," ते हळूच म्हणाले. "पुढच्या महिन्यात सुरू करू या आपण?"

हो तिच्या ओठांवर आलं होतं.

"माहीत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "डॉक्टर सांगतील तेव्हा. त्यांनाही नक्की सांगता येत नाहीये."

त्यांनी मान हलवली. मास्तरांनी फोटोसाठी हाक मारली, तसे भाऊजी त्यांच्या कोपराला धरून गेले. वहिनी तिथेच पाय लांब करून बसून राहिली, कारण घरी परतायलाही तिला कुणाचा तरी हात लागणार होता.