लांबलेली कुस्ती

दौलतराव आपल्या मुलाची कुस्ती बघायला आयुष्यात पहिल्यांदा निघाले ते इंदुबाईंच्या हट्टापायी. त्यांना स्वतःला काही जायचं नव्हतं.

तरुणपणी साताऱ्याकडच्या जत्रांमधून ते लंगोट लावून आखाड्यात उतरत. पुढे अंबरनाथच्या आनंदनगरला कारखान्यात लागले, बुवापाड्यात खोली घेतली, आणि तालीम सुटली ती सुटलीच. जितेश लहान असताना मात्र घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी त्याला ढाकेसारखे चार डाव शिकवले होते. पोरानं अंग कमावलं, डावही उचलले, आणि गेला भलतीकडेच. आठवडाभर कंपनीत काम करायचं आणि रविवारी चमकणारी चड्डी घालून, तोंडाला काळा मुखवटा लावून 'काळा विंचू' व्हायचं. या रेसलिंगमध्ये कोणी जिंकायचं आणि कोणी पडायचं हे आधीच ठरलेलं असतं, असं बुवापाड्यातल्या पोरासोरांनीसुद्धा दौलतरावांना ऐकवलं होतं. त्यांच्या काळी अशा ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणत. नुरा खेळलेल्या गड्याला पुन्हा कोणी आखाड्यात उभं करत नसे. त्यामुळे घरात हा विषय निघाला की ते उठून बाहेर जाऊन बसत, आणि जितेशही पुढं बोलत नसे.

"लेक काय करतो ते एकदा डोळ्यांनी बघा," इंदुबाई म्हणाल्या, "मग काय बोलायचं ते बोला."

कार्यक्रम उल्हासनगरात, चार नंबर कॅम्पातल्या एका मैदानावर होता. दोघं दुपारची उन्हं कलताना पोचले, पाण्याची नि डब्याची पिशवी दौलतरावांच्या हातात. मैदानाच्या मधोमध फळ्यांच्या ओट्यावर दोरखंडाचा चौक उभा केला होता, आणि एका कडेला दाल-पकवानाच्या गाडीवर रिंगणापेक्षा जास्त गर्दी होती. जितेशला न सांगता इंदुबाईंनी पहिल्या रांगेतल्या घरच्यांच्या खुर्च्या मिळवल्या होत्या. शेजारी नऊवारीतली एक धिप्पाड बाई आधीच बसलेली होती. ती अंबरनाथ गावातली काशीबाई. तिचा मुलगा धर्मेश आज जितेशसमोर उतरणार होता.

"जितेश तं आमचेकडंच जेवतं कदी कदी," काशीबाई कौतुकानं म्हणाली. "दोघं एका ताटातली हायेत."

दौलतरावांना हे नवीनच होतं. एका ताटात जेवणारी दोन पोरं आज हजार माणसांदेखत एकमेकांना आपटणार, याचा त्यांना काही मेळ लागेना. पण ठरलेलंच आहे तर ठरल्यासारखं होईल आणि आपण घरी जाऊ, असं म्हणून ते मांडीवर हात ठेवून बसले.

आधी धर्मेश आला. भगवा झगा, पाठीवर वाघाचं चित्र. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग काळा विंचू आला आणि त्याच लोकांनी त्याच्या नावानं बोंबा ठोकल्या. इंदुबाईंचा चेहरा उतरला. जितेश पायऱ्या चढून वर गेला, लोकांकडे बघून मूठ उगारली, आणि त्याची नजर पहिल्या रांगेवर आली. मूठ तशीच हवेत राहिली. मुखवट्यातून डोळे तेवढे दिसत होते. ते दौलतरावांवर खिळले होते.

सुरुवात बरी झाली. दोघं एकमेकांना दोरांवर ढकलत होते, छातीवर थापा मारत होते, खाली पडले की फळ्या ढोलासारख्या वाजत होत्या. थोड्या वेळानं धर्मेशनं जितेशला खांद्यावर उचललं, गरकन फिरवलं आणि पाठीवर टाकलं. सगळं मैदान उभं राहिलं. पंच लोटांगण घालून फळीवर हात आपटू लागला. तीन मोजले की कुस्ती संपणार होती. एक, दोन... आणि जितेशनं खांदा उचलला.

लोक ओरडले. धर्मेशनं मात्र चमकून पंचाकडे पाहिलं, पंचानं धर्मेशकडे. ते दौलतरावांच्या नजरेतून सुटलं नाही, पण त्याचा अर्थ त्यांना कळला नाही.

धर्मेशनं पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. पुन्हा दोनवर खांदा वर. तिसऱ्यांदा तेच. लोकांचा आरडाओरडा आता पातळ झाला. पंच जितेशच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटला, जितेशनं मान हलवली. हो म्हणाला की नाही म्हणाला, तेही समजलं नाही. मग दोघं दमून नुसतेच एकमेकांच्या गळ्यात पडून उभे राहिले. कोणीतरी थाप मारायचं, दुसरा मारायचा, मग परत गळ्यात गळा. माइकवरचा माणूस आधी हिंदीत गरजत होता, त्याच्याकडेही सांगण्यासारखं काही उरलं नाही. मागच्या रांगा उठून पकवानाच्या गाडीकडे गेल्या. कोणीतरी ओरडलं, "ए भाई, खतम कर ना, घर जाना है!"

दौलतरावांनी आयुष्यात लांबलेल्या कुस्त्या पाहिल्या होत्या. दोन्ही गडी तोडीस तोड असले की कुस्ती लांबते. पण इथं एक जण जिंकत होता आणि दुसरा हरत नव्हता. ठरवून खेळणारी माणसं अशी का खेळतील? ठरलेलं नसेल, तर मग पंच मधेमधे कुजबुजतो कशाला?

"मना बघवत नाय आता," काशीबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून फाटकाबाहेर निघून गेली.

तेवढ्यात धर्मेश पुढं धावला. जितेशनं त्याचा हात काखेत दाबला, कंबर आत घातली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच धर्मेश हवेतून जाऊन पाठीवर पडला. फळ्या या वेळी ढोलासारख्या वाजल्या नाहीत. नुसता धप्प आवाज झाला. ती ढाक होती. अस्सल, मातीतली ढाक. जितेश त्याच्या छातीवर पसरला. पंचानं एक मोजला, दोन मोजले, आणि त्याचा हात वरच थांबला.

दौलतराव खुर्चीवरून उठले होते. "चीत झालाय! दोन्ही खांदे टेकलेत! मोज की!" हा आपलाच आवाज आहे, हे त्यांना जरा उशिरानं कळलं. मागून पाच-पन्नास लोक ओरडायला लागले. पंच हात वर धरून कोपऱ्यातल्या आयोजकाकडे बघत राहिला. मग घंटा वाजली. वेळ संपली, कुस्ती बरोबरीत सुटली, असं माइकवरून सांगण्यात आलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोक पायांनी खुर्च्या सारत, शिव्या देत निघाले.

इंदुबाईंना खुर्चीत बसवून दौलतराव कनातीमागं गेले. आयोजक जितेशला फैलावर घेत होता. पुढच्या कार्यक्रमाला तोंड दाखवू नकोस म्हणाला आणि तणतणत निघून गेला. धर्मेश फळकुटावर पालथा पडून कंबर धरून होता. दौलतरावांनी न विचारता त्याच्या पाठीवर हात ठेवला, मणके चाचपले, आणि जिथं दुखत होतं तिथं अंगठ्यानं हळूहळू रगडायला लागले. हाड शाबूत होतं.

"काका," धर्मेश तोंड न वळवताच म्हणाला, "आज मी जिंकणार होतो. गणपतीच्या आधीपासून ठरलेलं. आईला मुद्दाम आणलेली."

दौलतरावांचा अंगठा थांबला. त्यांनी जितेशकडे बघितलं. मुखवटा काढून तो खाली मान घालून बसला होता. एक गाल सुजला होता.

"मग तू पडला का न्हाईस?" त्यांनी विचारलं.

जितेशनं मुखवट्याची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "तुम्ही समोर बसला होता, अण्णा. मला पडताच येईना."

घरामागच्या धुळीत शिकवलेली ढाक पोरानं इतक्या वर्षांनी अशी मारली होती, की जत्रेत असती तर लोकांनी फेटे उडवले असते. आणि ती मारली होती एका ताटात जेवणाऱ्या मित्राला, तो सावध नसताना, दिलेला शब्द मोडून. पोराची पाठ थोपटावी की त्याच्या कानाखाली द्यावी, हे दौलतरावांना ठरवता येईना. नुरा खेळणारा वाईट, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ठरलेलं मोडणारा चांगला, असं काही त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. धर्मेशची पाठ तेवढी रगडत राहिले.

"त्याला धर," मग ते जितेशला म्हणाले. "पायरी उतरताना कंबर धरंल त्याची."

जितेश उठला. धर्मेशनं आधी त्याचा हात झटकला. मग उभं राहता येईना तेव्हा त्याच्याच खांद्यावर भार टाकला. दोघं तसेच चालू लागले. दौलतराव मागोमाग, आणि खुर्च्यांपाशी इंदुबाईही त्यांना येऊन मिळाल्या.

फाटकाशी काशीबाई उभी होती. मुलाला लंगडताना बघून ती पुढं धावली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि हाड मोडलं नाही याची खात्री झाल्यावर तिनं विचारलं, "कोन जिकला?"

धर्मेशनं तोंड फिरवलं. जितेश चपलेकडे बघत राहिला. बाईची नजर मग वडीलधारा माणूस म्हणून दौलतरावांवर येऊन थांबली.

"तुमचा," दौलतराव म्हणाले.

काशीबाईचं तोंड फुललं. ती लेकाला धरून रिक्षाकडे घेऊन गेली, आणि जाता जाता मागं वळून जितेशलाही जेवायला ये म्हणून सांगून गेली. जितेशनं मान हलवली.

रिक्षा मिळेपर्यंत तिघं रस्त्याच्या कडेनं चालत राहिले. आपण खोटं बोललो की खरं, याचा दौलतराव विचार करत होते. ठरल्याप्रमाणं पाहिलं तर खरं, डोळ्यांनी पाहिलं तर खोटं. इंदुबाईंनी हलक्या आवाजात विचारलं, "अहो, पण खरंच कोण जिंकलं?"

"मला काय कळलं न्हाई," दौलतराव म्हणाले, आणि हातातली पिशवी जितेशकडे दिली. त्यानं ती घेतली.