खोक्यातली सायकल

"गुडघे बघ तुझे, नेव्हिल! बेडकासारखे बाहेर आलेत!" चढावर त्याला मागे टाकता टाकता ऱ्होंडा ओरडली.

"समोरून वारा आहे," नेव्हिलनं धापा टाकत उत्तर दिलं.

"वारा काय एकट्या तुलाच लागतोय होय?"

आणि तीही पुढे निघून गेली. ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नंबूल गावच्या त्या शनिवारच्या सायकलवाल्या टोळक्यात आता नेव्हिलच्या मागे एकटा क्लेम उरला होता. क्लेमला कधीचं पुढे जाता आलं असतं, पण तो गेला नाही. गेली कित्येक वर्षं त्याची जागा नेव्हिलच्या मागच्या चाकाला चिकटून होती. रस्त्यात खड्डा आला की पुढच्यानं हात खाली करून बोटानं दाखवायचा आणि मागच्यानं डोळे झाकून त्या बोटावर विश्वास ठेवायचा, ही टोळक्याची रीत. मागच्याला पुढचा रस्ता दिसतच नाही, मग दुसरं करणार काय?

विश्वास ठेवणं नेव्हिल ट्रेलोरला मात्र तसं जडच जायचं. उभा जन्म त्यानं दुधाचा टँकर चालवला होता. शेतावर जाऊन टाकीचं झाकण उघडायचं, नाक आत घालून वास घ्यायचा आणि जरा शंका आली तर दूध न घेता निघून यायचं, हे त्याचं काम. नोकरी संपली, पण नाक तेच राहिलं. खाटकानं दिलेला किमा तो घरी आणून पुन्हा तोलायचा.

अशा माणसानं परदेशातल्या कंपनीकडून, डोळ्यांनी न पाहता, संगणकावर बटण दाबून सायकल मागवली, याचं त्याच्या बायकोला, पॉलीनला, अजून नवल वाटत होतं. कारण साधं होतं. मधे दुकानदार नाही म्हणून साध्या सायकलीच्याच पैशांत अख्खी हलक्या कार्बनची सायकल मिळत होती, आणि साठी ओलांडल्यावर चढावर मागे पडायची त्याला धास्ती वाटायला लागली होती.

फक्त तो मधला दुकानदार म्हणजे क्लेम हॅनरहन होता.

नेव्हिलच्या आजवरच्या सगळ्या सायकली क्लेमच्या दुकानातल्या. त्यामुळे खोकं आलं तेव्हा त्यानं गॅरेजचं दार लावून घेतलं आणि चोरासारखी एकट्यानं सायकल जोडली. पहिल्या शनिवारी क्लेमनं ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि एवढंच म्हणाला, "रंग छान आहे." नेव्हिलच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. क्लेमनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

आणि आता ही नवी सायकल जुनीपेक्षा हळू पळत होती. गुडघे ठणकत होते. आधी त्यानं कंपनीवर संशय घेतला, दुय्यम माल माझ्या गळ्यात मारला म्हणून. मग एका संध्याकाळी मोजपट्टी लावली, तर सीट बोटभर खाली गेलेली. त्यानं ती वर केली आणि बोल्ट जोर लावून आवळला. पुढच्या शनिवारी घरी येऊन मोजली, तर पुन्हा खाली!

आपोआप कशी जाईल? सायकल घरात असते तेव्हा गॅरेजला कुलूप असतं. ती दुसऱ्या कुणाच्या हाताशी येते ती एकाच ठिकाणी, बेकरीच्या भिंतीला टेकवलेली असताना. आणि भिंतीलगतच्या बाकावर दर शनिवारी कोण बसतं? क्लेम. त्याच्या खिशात कायम काय असतं? पान्यांचा जुडगा. नेव्हिलला सगळं लख्ख दिसायला लागलं.

त्या दिवशीही चढ संपवून सगळे बेकरीत पोहोचले. नेव्हिल दोघांची कॉफी घेऊन बाहेर आला, तर क्लेम त्याच्याच सायकलीपाशी वाकलेला. एक हात सीटखाली.

"काय चाललंय?"

"काही नाही. बघत होतो," क्लेम सरळ होत म्हणाला.

"बघत होतास की खाली करत होतास?"

"काय?"

"मला काय दुधखुळा समजलास? दर शनिवारी माझी सीट खाली जाते. तुझ्या दुकानातनं घेतली नाही म्हणून जीव जळतोय तुझा. मग तोंडावर सांग ना लेका! हे असले चोरटे धंदे कशाला?"

ऱ्होंडाचा पाव तोंडाशीच थांबला. क्लेमचा चेहरा आधी लाल झाला, मग एकदम म्हातारा दिसायला लागला. त्यानं मागच्या खिशातून पान्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"हे ठेव तुझ्याजवळ. म्हणजे तुला शांत झोप लागेल."

तो सायकलीवर बसून निघून गेला. त्याचा व्हॅनिला स्लाइस बशीत तसाच राहिला.

"शोभलं नाही हे तुला," ऱ्होंडा हलकेच म्हणाली.

घरी पॉलीननं ऐकलं आणि ती भडकलीच. "क्लेमनं? तुझा हात मोडला होता तेव्हा दोन महिने आपला कुत्रा फिरवणारा क्लेम? अरे, जरा जनाची नाही तर मनाची तरी!"

"मी सिद्ध करून दाखवतो," नेव्हिल म्हणाला.

सोमवारी सीट वर केली, मोजली, बोल्ट आवळला आणि एकटाच शेजारच्या पोर्ट फेरी गावापर्यंत जाऊन आला. कुठे थांबला नाही, कुणाला भेटला नाही. समुद्रावरचा वारा आणि गाई, एवढेच साक्षीदार. गॅरेजमध्ये येऊन त्यानं मोजपट्टी लावली.

सीट बोटभर खाली होती.

मग त्यानं सीटचा दांडा पूर्ण बाहेर ओढला. दांडा हिरव्या ग्रीसनं चकचकत होता. स्वतःच लावलं होतं त्यानं, बोटांनी, प्रेमानं. ग्रीसचा डबाही फळीवर होता, क्लेमनंच दिलेला. विशीत क्लेमनं पहिली सायकल उघडून दाखवली होती तेव्हाचं त्याचं वाक्य नेव्हिलला पाठ होतं: "घुसेल तिथे ग्रीस लाव. न गंजता निघालं की माझी आठवण काढशील." लोखंडाला ते खरं होतं. कार्बनला ग्रीस लावलं की तो नुसता घसरत राहतो. त्यासाठी कंपनीनं खोक्यात एक वेगळी, वाळूसारखी खरखरीत पेस्ट घातली होती, पुडीवर सूचनाही होती. फुकट दिलंय म्हणजे यात काहीतरी पाणी मुरतंय, असं म्हणून नेव्हिलनं ती पुडी कचऱ्यात फेकली होती.

क्लेमला त्याचं गुडघे बाहेर काढून बसणं मागून दिसत होतं. तो काय बघायला वाकला होता, हे आता नेव्हिलला कळलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. पान्यांचा जुडगा त्यानं काउंटरवर ठेवला.

"माझं चुकलं, क्लेम. ग्रीस लावलं होतं मी."

"वाटलंच मला," क्लेम म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? खोक्यातल्या सायकलीला मी नावं ठेवतोय, असं वाटलं असतं तुला." त्यानं खणातून पेस्टची पुडी काढली. "आधी स्पिरिटनं पुसून घे. आतून, बाहेरून. मग ही लाव."

"शनिवारी येतोयस ना?"

"बघू. गुडघा कुरकुरतोय हल्ली."

इतक्या वर्षांत असल्या किरकोळ कामाचे पैसे क्लेमनं त्याच्याकडून कधी घेतले नव्हते. वर्षाकाठी बिअरचा एक खोका, बस. आज त्यानं पुडी बिलाच्या यंत्रापुढे धरली, पावती फाडली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "पिशवी देऊ?"

नेव्हिलनं नकारार्थी मान हलवली. पैसे मोजून काउंटरवर ठेवले आणि पुडी खिशात टाकली.

शनिवारी क्लेम आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. नेव्हिलची सीट आता जागची हलत नव्हती. गुडघे ठणकायचे थांबले, पाय पुरते सरळ व्हायला लागले. चढावर ऱ्होंडानं मागे वळून पाहिलं आणि ती म्हणाली, "आता कसा माणसासारखा चालवतोयस! ये की पुढे."

"असू दे. मी इथेच बरा," तो म्हणाला.

तो शेवटचाच राहिला. उतारावर पुढच्यांनी एकेक करत हात खाली केले. खड्डा त्याच्यापर्यंत आला तसा नेव्हिलनंही हात खाली केला, आणि मागच्या रिकाम्या रस्त्याला बोटानं नीट दाखवला.